हिरवा दिवा लागेपर्यंत बोला

चिरंजीवांनी भिंतीत दोन भोके पाडली, त्यात स्क्रू पिळले आणि साबणाच्या डबीएवढी एक पांढरी पेटी त्यांवर अडकवली. मग ते खुर्चीवरून खाली उतरले आणि हात झटकत म्हणाले, "झालं. आता तुम्हाला कधीच एकटं वाटणार नाही."

आई आणि बाबा सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते. आपल्याला एकटे वाटते हे दोघांच्याही आजवर लक्षात आले नव्हते. पण चिरंजीव संगणक शिकलेले होते, तेव्हा त्यांचे बरोबर असणार, म्हणून दोघांनी मान डोलावली.

पेटीचे नाव 'जिव्हाळा'. म्हाताऱ्या माणसांशी कोणी बोलत नाही असा शोध शहराच्या ज्येष्ठ सौख्य विभागाने एका पाहणीतून लावला होता. त्यांच्याशी जाऊन बोलणे हा यावरचा एक उपाय होता, पण तो फारच जुना होता आणि त्याचे उद्घाटनही करता येत नव्हते. म्हणून विभागाने चिरंजीवांच्या कंपनीकडून यंत्र बनवून घेतले. यंत्र घरात बोललेले शब्द मोजत असे. काय बोलले ते त्याला कळत नसे, किती बोलले एवढेच कळे. माहितीपत्रकात या उणिवेला 'खासगीपणाचा आदर' असे म्हटले होते. शब्द पुरेसे झाले की हिरवा दिवा, कमी पडले की पिवळा, आणि फारच कमी पडले की लाल. लाल दिवा लागला की विभाग घरी 'सोबती' पाठवी. सोबती म्हणजे बोलण्याचे प्रशिक्षण घेतलेला माणूस.

आता या घराची अडचण अशी होती की इथे कोणी बोलतच नसे. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून देऊन त्यांचे कान इतके विटले होते की निवृत्तीच्या दिवशी त्यांनी साहेबांना निरोपाचे भाषणसुद्धा करू दिले नव्हते. बाबा ड्राफ्ट्समन. पुलांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. रेघ ओढताना जिथे श्वास रोखून धरायचा, तिथे तोंड कुठले उघडणार? लग्नानंतर या दोघांनी हळूहळू खुणांची एक भाषा बसवली होती. बाबांनी जेवताना चष्मा काढून पुसला, की भाजी आवडली असे आई समजत. आईंनी कपाचा कान बाबांकडे वळवला, की बाबा आणखी चहा ओतून घेत. आई किलकिल्या खिडकीशी जाऊन सुस्कारा टाकू लागल्या की बाबा उठून खिडकी लावत. बोलण्याची गरजच उरली नव्हती. शेजारपाजारची जोडपी भांडत, तेव्हा हे दोघे एकमेकांकडे पाहत आणि समाधानाने आपापल्या कामाला लागत.

पहिल्या संध्याकाळी दिवा लाल झाला आणि लालच राहिला. चिरंजीव फोन हातात घेऊन धावत आले.

"आई, दिवसभरात काय काय बोललीस?"

"दूधवाल्याला 'ठेव' म्हटलं."

"आणि बाबांशी?"

"ते घरातच तर होते."

चिरंजीवांनी कपाळावर हात मारला. मग त्यांनी नजर चुकवत सांगितले की योजनेला एक अट आहे. महिनाअखेर घराचा निकाल लाल आला तर ते घर 'संवादशून्य' ठरते, आणि तिथल्या ज्येष्ठांना विभागाच्या आनंद निवासात हलवले जाते. याला संमती कोणी दिली, असे बाबांनी विचारले. चिरंजीव म्हणाले, नाव नोंदवताना पानभर मजकूर आला होता, त्याखाली 'मान्य' असे लिहिले होते, आपण तिथे बोट ठेवले. सगळेच ठेवतात.

आनंद निवास आईंना ठाऊक होता. एक्स्चेंजमधली त्यांची मैत्रीण तिथे होती. सकाळी सामूहिक हास्य, दुपारी गटचर्चा, संध्याकाळी 'मन मोकळे करूया'. कोणी कोपऱ्यात एकटे बसले की दोन कार्यकर्ते दोन्ही बाजूंनी येऊन बसत. खोल्यांना आतून कडी नव्हती.  या घरात मरेपर्यंत गप्प बसता यावे, एवढेच आईंचे मागणे होते, आणि त्यासाठी आता बोलावे लागणार होते.

दुसऱ्या दिवशी सोबतीताई आल्या. त्यांच्या हातातल्या टॅबवर प्रश्न तयार होते. "बालपणीची एखादी सुखद आठवण सांगा," त्यांनी वाचून दाखवले. आईंनी बाबांकडे पाहिले, बाबांनी आईंकडे. मग दोघांनी सोबतीताईंकडे पाहिले. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. प्रशिक्षणात शांततेचा धडा नसावा. सोबतीताईंनी थोडा वेळ तग धरला आणि मग त्यांच्या तोंडून आपल्या नणंदेचा विषय निघाला. नणंद आठवडाभरासाठी म्हणून आली ती शिवणयंत्रासकट राहिली, इथपासून सुरुवात झाली. आईंना दुसऱ्याचे ऐकण्याचा सरकारी अनुभव होता. त्या योग्य जागी 'हं' म्हणत राहिल्या. ताई डोळे पुसत उठल्या तेव्हा दिवा गडद हिरवा झाला होता.

"किती मोकळं वाटलं तुमच्याशी बोलून," त्या म्हणाल्या आणि टॅबवर 'ज्येष्ठांना लाभ झाला' या चौकोनात खूण केली.

काही दिवस असेच गेले. ताई येत, नणंदेला शिव्या घालत आणि दिवा हिरवा करून जात. पण विज्ञान एका जागी थांबत नाही. पेटीची दुसरी आवृत्ती आली. ती आवाज ओळखत असे, पाहुण्यांचे शब्द वजा करत असे आणि पुन्हा पुन्हा आलेले शब्द, अर्थ न कळताच, टिपून कळवत असे. बाबांनी रेडिओ लावून पाहिला. पेटीने तोही ओळखला आणि 'फसवणुकीचा प्रयत्न' असा संदेश चिरंजीवांना धाडला. मग दोघांनी मोठ्याने वाचायचे ठरवले. बाबांनी वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका घेतली आणि 'यंत्रास ओल्या हाताने स्पर्श करू नये' हे वाक्य निरनिराळ्या आवाजांत म्हटले. आईंना वाचायचा कंटाळा. त्या खुर्चीत रेलून, जुन्या गिऱ्हाइकांचे पाठ असलेले फोन नंबर म्हणू लागल्या.

चिरंजीवांचा फोन वाजला. 'घरातील एक ज्येष्ठ व्यक्ती दीर्घकाळ आकडे उच्चारत आहे. दुसरी ओल्या हातांविषयी चिंतेत आहे. वैद्यकीय तपासणी सुचवली जाते.'

तपासणीला डॉक्टर फोनच्या पडद्यावर आले. स्मृती तपासण्याची त्यांची एक साधी रीत होती: कागदावर घड्याळाचे चित्र काढून दाखवायचे. आईंनी एक गोल काढला, काटे मारले आणि मोकळ्या झाल्या. बाबांनी ड्रॉइंग बोर्ड मागवला. कागद चिकटपट्टीने ताणून बसवला, कंपासाला टोक केले, केंद्र निश्चित केले. डॉक्टरांनी दोनदा घसा खाकरला. बाबांनी हाताने थांबा अशी खूण केली, कारण अजून मिनिटांच्या रेघा शाईने गिरवायच्या होत्या. डॉक्टरांनी 'प्रतिसाद अत्यंत मंद' अशी नोंद केली आणि फोन ठेवून दिला. बाबांना याचे वाईट वाटले नाही. त्यांनी घड्याळ पूर्ण केले आणि खाली प्रमाण लिहिले.

तिसऱ्या आवृत्तीने उरलीसुरली पळवाटही बुजवली. आता एकाने बोलायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे, पुन्हा पहिल्याने बोलायचे. तरच शब्द धरले जाणार होते. महिना संपत आला होता. दिवा पिवळ्या-तांबड्याच्या सीमेवर लटकत होता. त्या दिवशी दुपारी दोघे जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसले.

"बोला," आई म्हणाल्या.

"तू बोल."

"काय बोलू?"

"मी तेच विचारणार होतो."

पेटीने एवढेही मोजून घेतले. दिवा किंचित उजळला. आईंना हुरूप आला. "आज कोबी केलाय," त्या म्हणाल्या.

"दिसतोय."

"तुम्हाला आवडतो म्हणून."

बाबांनी वर पाहिले. हिरवा व्हायला आणखी थोडेच शब्द हवे होते. मनात काहीही वाईट नसताना, निव्वळ भरतीला म्हणून ते म्हणाले, "मला कोबी आवडत नाही."

"काय?"

"कधीच आवडला नाही."

"मग कोबी केला की चष्मा का पुसता?"

"पुसायचं निमित्त असतं. दिसू नये म्हणून काढतो."

दिवा हिरवा झाला. त्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते. आईंनी डाव खाली ठेवला आणि सांगितले की त्यांना कोबीचा वास सहन होत नाही, लग्न झाल्यापासून त्या श्वास रोखून तो परतत आहेत, कारण नवऱ्याला आवडतो. बाबांनी विचारले, मग चहाचे काय? कपाचा कान आपल्याकडे वळवून रोज दुसरा कप कशाला पाजतेस, पित्त होते. आई म्हणाल्या, पाजत नाही, कप उचलून मोरीत ठेवा असे सुचवते. आणि तुम्ही पुन्हा किटलीला हात घालता, म्हणून मेलं आधण जास्त ठेवावं लागतं. आणि खिडकी? खिडकी सताड उघडा म्हणून त्या सुस्कारे टाकत होत्या. बाबांनाही वारा हवाच होता. पण बायकोला सोसत नाही म्हणून ते इतकी वर्षे बिनबोभाट उकडून निघत होते.

दोन घड्याळे सारखीच मागे असली की दोघांनाही आपण वेळेवर आहोत असे वाटते. या संसाराचे तसे झाले होते. आता एका घड्याळाने दुसऱ्याकडे पाहिले होते.

पुढचे काही दिवस घरात एकेक खूण बाहेर काढून तपासली गेली. हे घर घेतले ते आई गॅलरीत उभ्या राहून हसल्या म्हणून. त्या हसल्या होत्या ते दलालाचा केसांचा टोप वाऱ्याने सरकला म्हणून. बाबांना तर जुन्या भाड्याच्या खोलीतून हलायचेच नव्हते. म्हणजे ज्या घरात राहता यावे म्हणून दोघे घसा कोरडा करत होते, ते घर दोघांनाही नको होते. चिरंजीवांच्या पडद्यावर आलेख शिडीसारखा चढत होता. त्यांनी तो विभागाच्या संचालकांना पाठवला. संचालक आलेखांचे शौकीन होते. त्यांनी उलट कळवले की असे चैतन्य उभ्या शहरात दुसऱ्या घरात नाही, आपण स्वतः भेटायला येतो.

त्या भेटीच्या आदल्या आठवड्यात बाबांनी शेवटची खूण काढली. खरे तर ती त्यांनी काढायला नको होती.

"एक सांग. मी लग्नाचं विचारलं तेव्हा तू मान हलवलीस. ते तरी बरोबर समजलो होतो ना मी?"

आई अजून दलालाच्या टोपावरून तापलेल्या होत्या. "कोण जाणे," त्या म्हणाल्या. "माशी हाकलत असेन."

बाबा उठले आणि आतल्या खोलीत गेले. त्यानंतर घरात जी शांतता पसरली तिचा पूर्वीच्या शांततेशी काही संबंध नव्हता. पूर्वी दोघे बोलत नसत. आता दोघांनी बोलणे टाकले होते. पेटीला हा फरक कळायचे कारण नव्हते. महिन्याची सरासरी हिरवी होती, त्यामुळे चिरंजीवांनाही तो कळला नाही.

संचालक छायाचित्रकार घेऊन आले. सोबतीताईंनी दारात गुच्छ धरला. संचालकांनी आईबाबांच्या मधे बसून, तंत्रज्ञानाने माणसे कशी जवळ येतात यावर भाषण केले. त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलेली माणसे एकमेकांकडे पाठ करून होती. शेवटी त्यांनी बक्षीस जाहीर केले. या जोडप्याला विभाग 'संवाददूत' नेमत होता. दोघांनी कायमचे आनंद निवासात राहायला यायचे आणि तिथल्या मुक्या ज्येष्ठांना बोलते करायचे. खोली तयार होती.

लाल दिव्याची शिक्षा आणि हिरव्या दिव्याचे बक्षीस एकच निघाले. चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या, मग आईचा चेहरा पाहून थांबवल्या.

"हे येणार नाहीत," आई म्हणाल्या.

"मी येणार नाही हे मी सांगेन," बाबा भिंतीकडे पाहत म्हणाले.

"सांगा की मग. तोंड शिवून बसलात ते. एका माशीवरून."

"माशी तू काढलीस."

संचालकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "कोणती माशी?"

बाबा त्यांच्या अंगावरून ओणवे होऊन आईंना म्हणाले, "आणि थंडीचे दिवस होते. मी स्वेटर घातला होता. थंडीत माशा नसतात."

"बेकरीपुढं बारा महिने असतात."

"आपण ग्रंथालयापुढे होतो."

"ग्रंथालय बंद होतं. तुम्हीच म्हणालात, चल बेकरीपर्यंत."

"मी म्हणालो? मी बोललो? त्या काळात?"

मधे बसलेल्या संचालकांना उठायलाही वाव नव्हता. ग्रंथालयावरून गाडी स्वेटरवर गेली, स्वेटरवरून तो विणणाऱ्या मावशीवर, आणि मावशीवरून एकमेकांच्या सगळ्या माहेर-सासरवर. पेटीचा दिवा इतका हिरवा झाला की तिने आपण होऊन अभिनंदनाची धून वाजवली. धून संपेपर्यंत संचालकांना हळूहळू काहीतरी उमगले. त्यांनी चिरंजीवांना गॅलरीत बोलावले.

"आलेखात जे चढताना दिसलं, ते हे?"

"साहेब, यंत्र शब्द मोजतं," चिरंजीव म्हणाले. "अर्थ पुढच्या आवृत्तीत घेतोय."

संचालक व्यवहारी होते. आनंद निवासात दिवसभर सगळे बोलतात आणि कोणी कोणाचे ऐकत नाही, म्हणून तिथे शांती आहे. अशा ठिकाणी एकमेकांचे ऐकून उत्तर देणारी माणसे सोडणे त्यांना धोक्याचे वाटले. नेमणूक तिथल्या तिथे रद्द झाली. या घरात उद्दिष्ट पूर्ण झाल्याचा शेरा मारण्यात आला, आणि उद्दिष्ट पूर्ण झाले म्हणजे पेटीची गरज नाही, म्हणून चिरंजीवांनी ती त्याच दुपारी काढून नेली. आता कोणी कुठे हलवणार नव्हते. आईंना हवे होते ते मिळाले होते.

दोघे टेबलाशी बसले. घर शांत होते. खिडकी उघडी होती. 

"मशीन गेलं," आई म्हणाल्या.

"गेलं," बाबा म्हणाले. मग थोडे थांबून, "पण बेकरी त्या वर्षी तिथे नव्हतीच. मागाहून निघाली."

आईंनी खुर्ची पुढे ओढली.

बेकरीचा निकाल लागेना. सकाळी चहाबरोबर तो विषय निघे आणि संध्याकाळी दिवे लागले तरी चालू असे. अखेर खालच्या मजल्यावरच्या सद्गृहस्थांनी तक्रार केली. समोरासमोर नव्हे; त्यासाठी जिना चढावा लागला असता. त्यांनी ती विभागाच्या नव्या योजनेत, फोनवरून केली. योजनेचे नाव 'निवांत'. शहरातला गोंगाट तंत्रज्ञानाने मिटवायचा असे ठरले होते आणि त्याचे उद्घाटनही झाले होते.

चिरंजीव पुन्हा आले आणि तशीच एक पेटी लावून उतरले. हिच्यावर निळी चिठ्ठी होती. "प्रोग्रॅम तोच आहे," ते जरा अभिमानाने म्हणाले. "फक्त एक चिन्ह उलटं केलं. आता बोललं की लाल, गप्प बसलं की हिरवा. तुम्हाला हेच हवं होतं ना?"

ते गेल्यावर दोघांनी पेटीकडे पाहिले. खरोखर हेच हवे होते. जन्मभर जसे बसले तसे बसायचे, आणि वरून सरकारचा हिरवा दिवा. आई थोडा वेळ बसल्या. मग त्यांनी दाराकडे पाहिले. बाबांनी त्याचा अर्थ लावण्याची जोखीम घेतली नाही. "काय ते तोंडानं सांग," ते म्हणाले. दिवा क्षणभर लाल चमकला.

"खाली चला," आई म्हणाल्या. "बाकावर बसू."

रस्त्याच्या कडेला, बस थांबते तिथे बाक होता. बाबांनी खिशातून कागद काढून त्यावर जुन्या रस्त्याचा नकाशा काढला. ग्रंथालय दाखवले, वळण दाखवले, आणि बेकरीच्या जागी रिकामा चौकोन. आईंनी तो नीट पाहिला.

"बरं, नसेल बेकरी," त्या म्हणाल्या. "पण माशी होती. नाकावरच बसली होती."

बाबांनी कागदाची घडी घातली. "म्हणजे मान तिच्यासाठीच हलवलीस."

"सुरुवात तिच्यासाठी केली. ती लगेच उडाली. तुम्ही तेव्हा स्वेटरचं बटण चाळवत खाली बघत होतात, म्हणून दिसलं नाही."

"काय दिसलं नाही?"

"माशी गेल्यावरही मी मान हलवतच होते."

एक बस आली, थांबली आणि हे दोघे चढत नाहीत असे पाहून निघून गेली. बाबांनी कागदाची घडी उलगडली आणि रिकाम्या चौकोनाशेजारी एक माशी काढली. 

त्याच सुमारास चिरंजीवांचा फोन वाजला. 'अभिनंदन. आपल्या घरी संपूर्ण शांतता आहे. ज्येष्ठ समाधानी असून त्यांना कशाचीही गरज नाही.' चिरंजीवांनी हा संदेश लगेच संचालकांना पाठवला, आणि संचालकांनी तो अहवालाच्या पहिल्या पानावर घेतला.

घराला कुलूप होते.